शनिवार तेल्यांचे स्वयंपाकघर
(कोकणातील बेने इस्राएल समाजाची आहारमर्यादा आणि आपण)

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ही स्मरणिका प्रकाशित होत आहे. संपादक मंडळाने माझ्यासारख्या कापड दुकानदाराला ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. ट्रस्टचा पन्नास वर्षांचा इतिहास माझ्यापेक्षा अधिकारी मंडळींनी याच अंकात लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती करण्यापेक्षा, आपल्यासारखाच अल्पसंख्य असलेल्या, आपल्याच मायमराठीत बोलणाऱ्या आणि आहाराची मर्यादा प्राणपणाने जपणाऱ्या एका समाजाची कथा वाचकांपुढे ठेवावी, असे मनाने घेतले. हा समाज म्हणजे कोकणातील ज्यू, अर्थात बेने इस्राएल.

या विषयाची ओढ मला लागली ती व्यापारामुळे. बी. कॉम. झाल्यानंतर मी वडिलांच्या गादीवर बसू लागलो. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी मुंबईची खरेदी असे. मुळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट ही आमची पंढरी. एकदा खरेदी आटोपल्यावर आमच्या आडत्याबरोबर मशीद बंदरच्या बाजूला जाण्याचा योग आला. तेथील एका रस्त्याचे नाव सॅम्युअल स्ट्रीट. हा सॅम्युअल कोणी इंग्रज साहेब असावा, अशी माझी समजूत. आडत्या हसून म्हणाला, “शेटजी, हा साहेब नव्हे, आपला दिवेकर!” त्या एका वाक्याने माझे कुतूहल चाळवले. पुढे फावल्या वेळात जे वाचले, ऐकले, त्याचे सार येथे देत आहे.

नवगावचा किनारा

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुले. त्यांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. धर्मग्रंथ, सामानसुमान सारे समुद्रार्पण झाले. त्या चौदा जणांपासून हा समाज कोकणपट्टीच्या गावागावांत पसरला. जेथे वस्ती केली त्या गावाचे नाव आडनाव झाले. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही नावे ऐकल्यावर ती ज्यू कुटुंबांची असतील अशी शंकाही कोणास येणार नाही.

उपजीविकेसाठी त्यांनी मुख्यत्वे तेलाचा घाणा धरला. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही त्यांच्या या व्यवसायाची नोंद आहे. मात्र शुक्रवारी सूर्यास्त झाला की घाणा थांबे, तो शनिवारी सूर्यास्त होईपर्यंत. हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे पवित्र विश्रांतीचा दिवस. या काळात चूलही पेटवायची नाही. लागणारा स्वयंपाक शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी आटोपायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचा धर्म कोणता हे ठाऊक नव्हते, ज्यू हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी या लोकांना नाव दिले शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या नावाचा विचार करावा. आठवड्यातून एक दिवस म्हणजे वर्षाचे बावन्न दिवस. एकंदर उलाढालीचा सातवा हिस्सा. हातावर पोट असलेल्या तेल्याने ही तूट पिढ्यानपिढ्या सोसली. त्याच्याजवळ ग्रंथ नव्हता, उपदेश करणारा धर्मगुरू नव्हता, विचारणा करणारा कोणी वरिष्ठ नव्हता. शनिवारी त्याने घाणा चालू ठेवला असता तर त्याला दंड करणारे कोणीही नव्हते. तरीही घाणा बंद राहिला आणि जे काम तो करीत नसे, त्यावरून लोक त्याला ओळखू लागले. एखाद्या समाजाला मिळालेले याहून मोठे मानपत्र मला माहीत नाही.

मासळीची परीक्षा

ग्रंथ गेले, हिब्रू भाषाही विसरली. मग उरले काय? सुंता, शब्बाथ, ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, काही उपवास आणि स्वयंपाकघरातील मर्यादा. एवढ्याच शिदोरीवर हा समाज तगला.

पुढे डेव्हिड राहबी नावाचे एक विद्वान ज्यू कोकणात आले. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी त्यांना हजार वर्षांपूर्वीचे मानतात, तर कोणी अठराव्या शतकातील. शब्बाथ पाळणारे हे तेली खरोखर ज्यू आहेत काय, असा प्रश्न त्यांना पडला. परंपरा सांगते की, राहबींनी तेथील स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींची मिसळलेली मासळी ठेवली व ती शिजविण्यास सांगितले. त्या बायांनी काही न बोलता ज्या माशांना पर आणि खवले दोन्ही आहेत ते एका बाजूस काढले आणि उरलेले ‘हे आम्ही खात नाही’ म्हणून दूर सारले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. राहबींची खात्री पटली. मग त्यांनी समाजातील तिघांना धर्मविधी शिकवून तयार केले. त्यांना लोक काझी म्हणू लागले.

आपल्या धर्मात मासळीचा विचारही वर्ज्य, हे मी जाणतो. परंतु या कथेचा गाभा मासळीत नाही. धर्माची परीक्षा झाली ती पुरुषांच्या पाठांतराची नव्हे, स्त्रियांच्या हाताची. कोणी शिकवले, कोठे लिहिले आहे, हे त्या सांगू शकल्या नसत्या. आजीने आईला आणि आईने लेकीला जे चुलीपुढे दाखवले, तेच त्यांचे शास्त्र आणि तेच त्यांचे प्रमाणपत्र.

काशेर म्हणजे काय?

ज्यू धर्मशास्त्रास संमत, योग्य अशा आहाराला काशेर म्हणतात. इंग्रजीच्या प्रभावाने आपण कोशर असा उच्चार करतो. आपल्याकडील भक्ष्य-अभक्ष्य विचारासारखाच हा विचार आहे. मात्र दोहोंचा पाया भिन्न आहे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. आपला आहारविचार अहिंसेवर उभा आहे. ज्यूंचा आहारविचार ईश्वराज्ञा आणि पावित्र्य यांवर उभा आहे. ते मांसाहारी आहेत, परंतु वाटेल ते मांस त्यांना चालत नाही. खूर दुभंगलेले असून जे रवंथ करतात असेच पशू त्यांना ग्राह्य. त्यामुळे डुक्कर, उंट, ससा वर्ज्य. पशूचा वध शोहेत नावाच्या प्रशिक्षित, धर्मनिष्ठ व्यक्तीनेच ठराविक रीतीने करावयाचा. रक्त पूर्णतः निषिद्ध, म्हणून मांस पाण्यात भिजवून व मीठ लावून ते काढून टाकावयाचे. विशेष म्हणजे बायबलच्या पहिल्याच अध्यायात मनुष्याला आहार म्हणून धान्य-बीज आणि फळे दिली आहेत. मांसाची परवानगी नंतर, नोहाच्या काळातील महापुरानंतरची आहे, आणि तीही रक्ताच्या निषेधासह.

काही नियम वाचताना मात्र आपलेच घर आठवते. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथात तीन वेळा आली आहे. त्यावरून मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा नियम सिद्ध झाला. दोन्ही स्वतंत्रपणे चालतात, एकत्र चालत नाहीत. त्यासाठी कडक घरांत दोन प्रकारची भांडी, दोन प्रकारची पुसणी असतात. मांसाहारानंतर दूध घेण्यास अनेक घरांत सहा तास थांबतात. इतरांना हे विचित्र वाटेल, आपल्याला वाटू नये. आपल्याकडे द्विदळाचा नियम काय सांगतो? कडधान्य चालते, दही चालते, परंतु कच्चे गोरस आणि द्विदल धान्य यांचा संयोग अभक्ष्य. कढीसाठी ताक आधी तापवून घेणाऱ्या आपल्या आजीला ज्यू गृहिणीची दोन पातेली समजावून सांगावी लागली नसती.

दुसरे साम्य कीटकांचे. कीटक खाणे त्यांच्यात मोठा दोष मानतात. म्हणून पीठ चाळणे, तांदूळ-डाळ निवडणे, पालेभाजीचे पान न् पान उजेडात पाहणे हे काशेर स्वयंपाकाचे अंग आहे. यासंबंधी एक अलीकडची घटना मोठी बोलकी आहे. २००४ साली न्यूयॉर्क शहराच्या नळाच्या पाण्यात अतिसूक्ष्म जलचर जीव असल्याचे तेथील कडक ज्यूंच्या लक्षात आले. आरोग्याच्या दृष्टीने पाणी निर्दोष होते. तरी असे पाणी काशेर कसे, यावर धर्मगुरूंमध्ये खल झाला आणि ब्रुकलिनमधील अनेक घरांत, उपाहारगृहांत नळाला गाळण्या बसल्या. घट्ट विणीच्या दुहेरी वस्त्राने पाणी गाळून, जिवाणी जपून परत पोहोचविणाऱ्या आपल्या परंपरेला हे ऐकून नवल वाटणार नाही. फरक आहे तो हेतूचा. त्यांचे गाळणे मुख्यतः ‘माझ्या मुखी ते जाऊ नये’ म्हणून, आपले गाळणे ‘त्या जीवाला पीडा होऊ नये’ म्हणून.

भेदही सांगितले पाहिजेत. मध त्यांना चालतो, किंबहुना नववर्षाच्या सणाला गोड वर्षाचे चिन्ह म्हणून तो आवर्जून घेतात. आपल्याकडे मध अभक्ष्य. कांदा, लसूण, बटाटा यांना त्यांचा आक्षेप नाही. आणि रात्रिभोजनाचा निषेध तर त्यांच्यात नाहीच.

नारळाचे दूध आणि वालाचे बिरडे

या नियमांना कोकणच्या मातीत जे रूप आले ते फार मनोहर आहे. मांसाबरोबर दूध-दही नको, तर कालवणाला दाटपणा कशाने आणावा? कोकणाने उत्तर दिले, नारळाच्या दुधाने. ते वनस्पतीचे असल्यामुळे कशाबरोबरही चालते. नववर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाच्या दुधात. प्रार्थनेसाठी द्राक्षाचा रस लागतो. तो मिळेना, तेव्हा काळे मनुके पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्याचे सरबत वापरू लागले.

सणांची नावेही अस्सल मराठी झाली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वर्षातील सर्वांत मोठा उपवासाचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पुर म्हणतात, तो यांच्याकडे दार फाळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचे दार लावून घेऊन आत्मचिंतनात बसायचे. दिवसभर अन्नपाणी वर्ज्य आणि पापांची क्षमायाचना. आपल्या संवत्सरीची येथे आठवण न झाली तरच नवल. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपवास जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो. कोकणात त्याचे नाते वालाच्या बिरड्याशी जुळले आणि तो बिरड्याचा सण झाला. या शोकदिनापूर्वीचे काही दिवस ज्यू लोक मांस वर्ज्य करतात. आपला चातुर्मास साधारण त्याच दिवसांत चालू असतो.

मलिदा हा त्यांचा खास विधी. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ तबकात भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, सुका मेवा आणि त्याभोवती फळे मांडतात, गीते म्हणतात, आशीर्वाद म्हणून ते सर्वांना वाटतात. मंगलकार्य, नवसफेड, नवे घर अशा प्रसंगी मलिदा होतोच. मांसाहारी समाजाचा हा सर्वांत आवडता विधी संपूर्ण शाकाहारी आहे, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. गोमांसही त्यांतील कित्येक जुनी कुटुंबे शेजाऱ्यांच्या भावना जाणून वर्ज्य मानीत.

१८७४ साली पुण्यात त्यांच्या पेसाह सणाचा ग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापला गेला. या सणाच्या आठ दिवसांत आंबवलेले, खमिराचे अन्न घरातही ठेवायचे नसते. त्या ग्रंथातील एका चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया दाखवल्या आहेत, त्या मराठी वेशात. धर्म जेरुसलेमचा, आणि पाटा-वरवंटा आपला!

दिवेकरांचा नवस

आता सॅम्युअल स्ट्रीटकडे वळू. अठराव्या शतकात बेने इस्राएल तरुण मुंबईत येऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊ लागले. त्यांतील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. हे नाव कुराणात आलेले असल्याने टिपूच्या मातोश्रींनी त्यांना अभय मिळवून दिले, अशी आख्यायिका आहे. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, हा नवस त्यांनी फेडला आणि १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्याचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. मशीद बंदर या नावाचा संबंधही याच प्रार्थनामंदिराशी जोडला जातो. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा, पुणे येथेही सिनेगॉग झाले. हाईम सॅम्युअल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा निघाली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्धीस आली. समाजाचा इतिहासही याच किहीमकरांनी लिहून ठेवला.

पलटण, रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांमुळे ही मंडळी दूरदूर विखुरली. लहान गावी शोहेत कोठून मिळणार? शोहेत नाही तर मांस नाही, असा नियम मानणाऱ्या कुटुंबांनी भाजी-भाकरी आणि पर-खवल्यांची मासळी यांवर निभावून नेले. बाहेर जेवण्याची वेळ आली तर शाकाहारी खानावळ पाहावी, हा अनेकांचा परिपाठ झाला. नियम मोडण्याची सबब समोर असताना त्यांनी नियमाची अधिक अवघड बाजू पत्करली.

प्रमाणपत्राची गोष्ट

१९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. पुढे तेथे एक मनाला चटका लावणारा प्रसंग घडला. हे लोक इतकी शतके मुख्य प्रवाहापासून दूर होते, तेव्हा यांचे विवाह-घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी शंका तेथील धर्मपीठाने काढली. इतर ज्यूंशी विवाह करताना त्यांच्या वंशाची चौकशी होऊ लागली. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथाविना, गुरूविना धर्म राखला, त्यांच्या नातवंडांकडे कागद मागितला गेला. समाजाने आंदोलन केले, उपोषणे केली, आणि १९६४ साली त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता मिळाली. राहबींनी घेतलेली परीक्षा एका स्वयंपाकघरात निकालात निघाली होती. या परीक्षेला काही वर्षे लागली.

याच काळात जगात दुसऱ्या एका प्रमाणपत्राचे महत्त्व वाढत होते. कारखान्यात तयार होणारे अन्न आले आणि गृहिणीच्या डोळ्यांना डब्याच्या आतले दिसेनासे झाले. बिस्किटात चरबी कोणती, चीजला विरजण कशाचे, जिलेटिन कोठून आले, लाल रंग किड्यापासून तर काढला नाही ना? अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेने १९२३ साली हाइन्झ कंपनीच्या डबाबंद शेंगांवर आपली मोहोर देण्यास प्रारंभ केला. वर्तुळात इंग्रजी ‘यू’ अक्षर अशी ती मोहोर आज जगभर दिसते. अशा अनेक संस्था आहेत. त्यांचे निरीक्षक कच्च्या मालाची यादी तपासतात, यंत्रे व टाक्या पाहतात, आधी दुसरे काही केले असल्यास ठरलेल्या रीतीने शुद्धी करून घेतात आणि पुन्हा पुन्हा येऊन पडताळणी करतात. भारतातील मसाले, खाद्यतेले, औषधी व रासायनिक द्रव्ये निर्यात करणारे अनेक कारखाने हे प्रमाणपत्र घेतात.

हिऱ्यांच्या व्यापारामुळे बेल्जियममधील अँटवर्प शहरात जैन आणि ज्यू व्यापारी शेजारी-शेजारी नांदतात. सौदा पक्का करताना आपले पालनपुरी बंधूही ‘मझल’ हा त्यांचाच शुभशब्द उच्चारतात. विमानात त्यांचे जेवण वेगळे मागवता येते, तसे आपले जैन जेवणही. यामुळे परदेशी गेलेल्या आपल्या मुलांमध्ये एक समज पसरलेला दिसतो की, काशेरची मोहोर असली म्हणजे पदार्थ आपल्याला चालतो. माझ्या परिचयातील एका घरच्या मुलाने तर ‘पारवे’ असा शब्द पाहून वर्षभर एक पदार्थ निःशंकपणे खाल्ला. पारवे म्हणजे ज्यात मांसही नाही व दूधही नाही. परंतु ज्यू गणनेत अंडे आणि मासळी मांसात मोडत नाहीत! त्यामुळे पारवे पदार्थात अंडे असू शकते, मासळीचा अंश असू शकतो, मध आणि कंदमूळ तर असतेच. तेव्हा तरुणांनी मोहोर पाहून थांबू नये, घटकांची यादी अक्षरशः वाचावी.

आपल्या हिरव्या ठिपक्याचेही तेच आहे. या शतकाच्या आरंभी पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला, ही मोठी सोय झाली. परंतु तो ठिपका कायद्याचा आहे, जैन आचाराचा नव्हे. मधाच्या बाटलीवर, बटाट्याच्या वेफर्सवर, लसणीच्या चटणीवर तो असतोच. ठिपका एवढेच सांगतो की यात मांस-अंडे नाही. आजचा चौविहार झाला की नाही, लोणच्याला पाणी सुटले का, पीठ किती दिवसांचे, भाजी निवडताना जयणा पाळली का, हे तो सांगणार नाही. तो सांगणे त्याचे कामही नाही. मोहोर ही बाजारासाठी असते. घरात मोहोर नसते, घरात माणूस असते.

आपले काय?

२०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत भरली. २००८ च्या नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रातही निरपराधांचे बळी गेले. तरीही अलिबागचे मागेन आबोथ सिनेगॉग उभे आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी दोनच वर्षे, २०१४ मध्ये, केंद्र सरकारने आपल्या जैन समाजाला तो दिला होता. सरकारी दर्जा मिळाला, चांगले झाले. परंतु समाज त्या कागदावर जगत नाही, हे शनिवार तेल्यांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आपल्या वऱ्हाडात हिवाळ्याच्या ऐन दिवसांत पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. तीच लग्नसराईची वेळ. चार खेड्यांची मंडळी बस्ता बांधायला दुकानात बसलेली असतात. माझे वडील अशा वेळी गिऱ्हाइकाला हात जोडून म्हणत, “बसा भाऊ, पाणी घ्या, मी आलोच,” आणि घरी जाऊन जेवून येत. गिऱ्हाईक थांबे. ‘शेटजींची जेवणाची वेळ झाली’ हे खेड्यापाड्यांतील लोकांना ठाऊक होते. मी मात्र कित्येक वर्षे लग्नसराईत चौविहार पाळला नाही. गिऱ्हाईक उठून जाईल, ही भीती. वास्तविक त्यामुळे किती विक्री वाढली याचा हिशेब मी बी. कॉम. असूनही कधी मांडला नाही. मांडला असता तर लाज वाटली असती, कारण शनिवार तेल्याने अख्खा सातवा दिवस दिला आणि माझ्याकडून अर्धा तास देववला नाही.

माझ्या आईला घड्याळ पाहावे लागत नसे. अंगणातील उन्हाची तिरीप कोणत्या पायरीवर आली यावरून ती ताट वाढी. पर्युषणात हिरवी भाजी बंद, म्हणून वाळवणे कोणत्या महिन्यात घालायची, पापड कधीपर्यंत चालायचे, चाळणीत राहिलेला जीव कोठे ठेवायचा, हे सर्व तिच्या हाताला माहीत होते. ती गेली त्या दिवशी आमच्या घरातील एक ग्रंथ बुडाला. तो कोणी लिहून घेतला नव्हता.

म्हणून या सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टच्या विश्वस्त मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या गावात व तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या ज्या माता-भगिनी आहेत, त्यांच्याजवळ सुना-नातींनी वही घेऊन बसावे. ऋतूप्रमाणे काय चालते, काय चालत नाही, कोणता पदार्थ किती दिवस, उपवासाच्या पारण्याला काय, आजाऱ्याला काय, हे सारे त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे. त्याची एक पुस्तिका करून आपल्या भोजनशाळेत ठेवावी आणि पुण्या-मुंबईला, परदेशी शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या बॅगेत ती द्यावी. खर्चाचा काही भार उचलण्यात मला आनंद वाटेल.

आणि स्वतःपुरते सांगायचे तर, येत्या लग्नसराईपासून सूर्यास्तापूर्वी गादीवरून उठण्याचा नियम मी घेतला आहे. मुलाने विचारले, “बाबा, गिऱ्हाइकांना काय सांगायचे?” मी म्हटले, “आजोबा सांगायचे तेच. पाणी द्यायचे आणि थांबा म्हणायचे.” कोकणातील लोकांनी घाणा बंद पाहून एका समाजाला नाव दिले. आपल्या रिकाम्या गादीकडे पाहून कोणी ‘शेटजी जेवायला गेले असतील’ एवढे म्हटले, तरी मला ते पुरेसे आहे.

या लेखात अज्ञानाने काही कमी-अधिक लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!